भरपूर केस पाहिजेत

आमच्या बऱ्हाणपूरच्या घरी मुंबईचे प्रोफेसर साहेब एकदाच आले. नंतर ते कधी आले नाहीत, आणि आम्हीही बोलावलं नाही.

मी तेव्हा मुंबईला डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होतो. इंग्रजांचे दिवस. बऱ्हाणपुरातून मुंबईला डॉक्टरी शिकायला गेलेला पोरगा म्हणजे अख्ख्या गल्लीची मिरवायची वस्तू! मला गाडीत बसवून द्यायला इतकी माणसं यायची की गार्डाला वाटायचं, एखादा पुढारीच पकडून नेतायत. त्यामुळे माझी मान नेहमी जरा ताठ असायची. (पुढे ती वाकली. तेच सांगतो आहे.)

आमचे प्रोफेसर साहेब हिवतापावर संशोधन करत होते. जुना ताप अंगात मुरला की डाव्या बरगडीखाली पानथरी सुजते, हाताला गोळा लागतो. ती किती सुजते, कोणाची सुजते, कशाने उतरते, हे साहेबांना शोधून काढायचं होतं. त्यासाठी त्यांना एक सहायक हवा होता. ती जागा मला इतकी हवी होती की रात्री झोपेत मी माझीच पानथरी चाचपायचो!

एके दिवशी वॉर्डात मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, आमचं गाव तापीकाठचं. पावसाळा सरला की घरटी एक माणूस थडथडत असतो. दिवाळीनंतर आपण जबलपूरला जाणारच आहात, तर वाटेत बऱ्हाणपूरला उतरा. केसेस मी तयार ठेवतो!"

"खरंच तयार ठेवाल?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्या केसेस नीट असतील, तर सहायक शोधायला मला पुढे जायला नको."

शिवाय त्यांना गावाजवळचा असीरगडही पाहायचा होता. ठरलं!

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि पहिल्याच जेवणाला मी हुकूम सोडला. आमचे वडील, म्हणजे नाना, एका वकिलाकडे मुनशी होते. ते समोर जेवत होते. माय चुलीपाशी भाकरी थापत होती.

"रविवारी आमचे साहेब येतायत," मी म्हणालो. "मला केस पाहिजेत. भरपूर केस. माझं सगळं भवितव्य त्यावर आहे."

इथे एक खुलासा केला पाहिजे. मुंबईत केस स्त्रीलिंगी असते. आमच्या बऱ्हाणपुरात हिंदीच्या शेजारामुळे ती पुल्लिंगी होते, म्हणजे हुबेहूब डोक्यावरच्यासारखी! आणि घरी आलो की निदान असे शब्द तरी मी घरच्यासारखेच बोलायचो. (मुंबईला जाऊन पोरगा बदलला नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. बदललो असतो तर बरं झालं असतं.)

मायचा हात परातीतच थांबला. "कोणाचे रे, दत्तू?"

"कोणाचेही! बायांचे, बाप्यांचे, पोरासोरांचे. साहेब जातपात पाहत नाहीत."

"म्हाताऱ्यांचे बी चालतीन?"

"ते तर आधी पाहिजेत!"

"पण ते पांढरे पडेल असतीन ना रे."

मी ताटावरून उठायचाच बाकी राहिलो! मुरलेल्या तापाने रक्त आटतं, माणूस पांढराफटक पडतो, हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागलं, आणि माझी माय चुलीपाशी बसून सांगत होती!

"माय, पांढरे पडलेले असतील तर ते वेगळे काढून ठेव. साहेब खूश होतील."

आता नानांनी घसा खाकरला. "जुने चालतीन का? माह्याकडे एक वीस सालापासून लटकेल हाये."

"वीस वर्षं! नाना, असला केस मुंबईत शोधून सापडणार नाही!"

"फैसला झालेले नको ना?"

"निकालच लागल्यावर काय उपयोग? चालू पाहिजेत. ज्यांचा निकाल लागायचाय असे."

"मंग दोन्ही बाजू हाजिर ठेवतो."

"साहेब दोन्ही बाजू तपासतातच. डावीकडे जरा जास्त लक्ष देतात." (डावीकडे पानथरी, उजवीकडे यकृत. मी अगदी शास्त्रशुद्ध बोलत होतो.)

नानांनी भारावून मान हलवली. "बडा आदमी दिसतो. आमचा हाकिम तर एक बाजू बी धड ऐकत नाही."

नाना म्हणाले 'हाकिम', म्हणजे न्यायाधीश; मला ऐकू आलं 'हकीम'. गल्लीच्या टोकाला एक हकीम होते, कानाने अधू. मी म्हणालो, "त्यांचं वय झालं आता, नाना."

नाना चपापून म्हणाले, "हळू बोल."

इतकं बोलणं झाल्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने स्वतः उठून चार घरं पाहिली असती. पण संशोधकाने दारोदार हिंडायचं नसतं, अशी माझी ठाम समजूत! तो पूर्ण आठवडा मी तापीच्या घाटावर बसून साहेबांच्या स्वागताचं इंग्रजी भाषण पाठ केलं. घाटावरच्या म्हशींना ते माझ्याआधी पाठ झालं असेल. घरी यावं तर माय घरात नसायची. कधी या दारी, कधी त्या दारी. नाना तर कचेरीतून परस्पर खेड्यांकडे जात होते. माझ्यासाठी सगळं घर राबतंय, हे पाहून मला फार बरं वाटायचं.

शुक्रवारी मी मायला विचारलं, "किती जमले?"

"उशीभर झाले पहाय."

मी ऐकलं 'विशीभर'. वीस केस! त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली की काय सांगू.

रविवारी साहेबांना टांग्यातून घेऊन आलो. गल्लीत शिरताच गलका ऐकू आला. अंगणात माणसांची ही गर्दी! पागोटी, धोतरं, काठ्या! माझा ऊर भरून आला. साहेबही म्हणाले, "वा! फारच केसेस जमवल्यात तुम्ही." आयुष्यात साहेबांनी मला दिलेली ती एकमेव शाबासकी. ती फार तर मिनिटभर टिकली.

कारण जवळ जाऊन पाहतो, तर एकही माणूस थडथडत नव्हता. एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे! सगळे तावातावाने भांडत होते आणि मधोमध नाना, ठेवणीतला कोट घालून, बगलेत कागदांचं बासन धरून उभे.

साहेबांनी पहिल्या धिप्पाड माणसाची नाडी धरली. तो फोपनार गावचा शेतकरी होता. "किती दिवसांपासून त्रास आहे?"

"आज्ज्यापासून, साहेब."

"आजोबांनाही होता? म्हणजे घराण्यातच आहे." साहेब माझ्याकडे वळले. "हे नोंदवा. काय होतं नेमकं?"

"काय होतं म्हणजे? हा माह्या बांधात घुसते!" आणि त्याने शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाकडे बोट केलं.

साहेबांना ते लक्षण नवीन असावं. त्यांनी शांतपणे त्याला बाकावर आडवं केलं आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबली. "इथे दुखतं का?"

त्याबरोबर चुलतभाऊ उसळला. "अरे वा! पहिले त्यालेच काहून? माह्यी बी बाजू पहा! मी बी लेटतो!" आणि तो सदरा वर करून शेजारी आडवा झाला! मग जसोंडीचे दोघे म्हणाले, आम्ही सकाळपासून बसेल हाओत, आमचा नंबर कधी? बघता बघता ओसरीवर वादी आणि प्रतिवादी पोटं उघडी टाकून ओळीने निजले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

नाना अदबीने पुढे झाले. "चालू केस हायेत, साहेब. एक बी फैसला झालेला नाही. दोन्ही बाजू हाजिर."

मी नानांना खुणा करत होतो, त्या पाहून मायला वाटलं, आता तिची पाळी आली. ती आतून मोठं गाठोडं घेऊन आली आणि तिने ते साहेबांच्या पुढ्यात सोडलं.

केस! खरेखुरे केस! काळे, करडे, तेलकट, कुरळे, गुंतवळांचे गोळेच्या गोळे! "हे घ्या साहेब," माय म्हणाली, "अन् पांढरे अलग बांधले हायेत, दत्तू म्हणे तसे."

नेमका तेव्हाच वारा सुटला. केस साहेबांच्या कोटावर बसले, नानांच्या बासनात शिरले, ओसरीवरच्या उघड्या पोटांवर पसरले. फोपनारकर शिंकू लागले. आणि शेजारच्या गंगाकाकू, ज्या भिंतीवरून हा तमाशा पाहत होत्या, त्या किंचाळतच आमच्या अंगणात उतरल्या.

"अवं बाई! हा तर माह्या सुनेचा गुंतवळ! वेणी घालून देते म्हणे! म्या समजली, माया करते. करणी करते का वं माह्या सुनेवर?"

"करणी कायची, काकू?" माय बिचारी रडकुंडीला आली. "ह्या साहेबाले पाहिजे व्हते."

गंगाकाकूंनी साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. "ह्या बुढ्याले काय करायचे माह्या सुनेचे केस?"

साहेबांना दरदरून घाम फुटला होता. तो पुसायला त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. खाली टक्कल! औषधालासुद्धा केस नव्हता! उन्हात ते लखलखलं, आणि अख्ख्या अंगणाच्या तोंडून एकदम निघालं, "हां!"

सगळ्यांना सगळं समजलं. गंगाकाकूंचा सूरच बदलला. "आधी सांगायचं व्हतं ना, बाई. अजून देले असते."

त्या वेळी भुईने मला पोटात घेतलं असतं तर मी हसत हसत गेलो असतो. साहेबांनी टोपी घातली, बाहीवरचा एक लांब केस चिमटीत धरून काढला आणि मला विचारलं, "रोगी कुठे आहेत?"

मी म्हणालो, "साहेब, केस... म्हणजे मी केस..." पाठ केलेल्या इंग्रजी भाषणातला एक शब्द आठवेना. मराठीही आठवेना.

"रोगी पाहिजे व्हते?" माय माझ्याकडे वळली. "मंग तसं सांगायचं ना रे, दत्तू! रोगी तर घरोघर पडेल हायेत. केस मागाले गेली तर अर्ध्या बाया गोधडीत व्हत्या. उठवत नव्हतं त्यांना, म्याच त्यांच्या फण्या साफ करून केस आणले."

म्हणजे साहेबांना हवा असलेला एकूण एक रोगी माझ्या मायने पाहिला होता, आणि प्रत्येकाकडून ती फक्त केस घेऊन आली होती. कारण मी केस मागितले होते!

नानांनी पक्षकारांना कसंबसं वाटेला लावलं. ("फैसला काय झाला?" फोपनारकर विचारत होते. "पुढची तारीख," नाना पुटपुटले.) माय साहेबांसाठी चहा घेऊन आली. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून घाईघाईने केलेला. तिच्या हातात कप बशीवर खडखडा वाजत होता. मला वाटलं, घाबरली आहे. मीही घाबरलो होतो, त्यामुळे मला ते साहजिकच वाटलं.

साहेबांनी कप घेतला नाही. त्यांनी मायचं मनगट धरलं.

"बाई, तुमच्या अंगात ताप आहे."

"तो असतेच," माय संकोचून म्हणाली. "आज येते, उद्या नाही येत. हिव वाजलं की गोधडी घेते, उतरलं की उठते."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

साहेबांनी तिला ओसरीवर आडवं व्हायला सांगितलं आणि बरगडीखाली हळूच बोटं नेली. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. गोळा हाताला लागला. पुस्तकात काढलेला असतो तसा, स्पष्ट. अशा तापात माझी माय आठवडाभर घरोघर हिंडली होती, माझं भवितव्य गोळा करत! आणि मी घाटावर बसून म्हशींना इंग्रजी ऐकवत होतो.

सहायकाची जागा अर्थातच दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. साहेबांनी स्वतःच्या बॅगेतलं क्विनाइन काढून दिलं, मायचा ताप महिन्याभरात उतरला, गंगाकाकूही पुन्हा वेणी घालून घ्यायला सुनेला पाठवू लागल्या. सगळं निस्तरलं. निस्तरलं नाही ते एकच, आणि ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

क्विनाइनच्या पुड्या मायच्या हातात देताना साहेब, माझ्याकडे मुळीच न पाहता, म्हणाले, "दसऱ्यापासून अंगावर ताप काढता, बाई! घरात वैद्यकीतलं जाणतं असं कोणीच नाही का?"

तो टोमणा होता, हे मायच्या गावीही नव्हतं. तापाने फुललेला तिचा चेहरा अभिमानाने आणखी फुलला. "नाही कसं? हाये ना, साहेब! मुंबईले शिकेल हाये!" असं म्हणून तिने थरथरतं बोट माझ्याकडे केलं.

आणि मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून!