किडीने खाल्लेला शब्द

२००५च्या सुमारास मँचेस्टरच्या एका लायब्ररीत मी जुनी पुस्तकं स्कॅन करायचो आणि मूळचे पुण्याचे एक काका ती दुरुस्त करायचे. प्रशांत महासागरातल्या एका बेटाच्या भाषेत मिशनऱ्यांनी छापलेली प्रार्थनेची पुस्तकं होती ती. लिपी रोमन असली तरी काकांना त्यातला एक शब्दही कळत नसे, पण तोरा असा, की जणू स्वतःच लिहिलीत. मी पान उलटलं की म्हणत, "अरे, हळू! पान आहे ते, पापड नाही."

एकदा त्या बेटावरच्या एक आजी पुस्तक बघायला आल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. एका ओळीतला शब्द किडीने खाल्ला होता. तिथे काकांनी कोऱ्या कागदाचं ठिगळ लावलं होतं. आजी न अडखळता तो शब्द म्हणून पुढे गेल्या.

"थांबा! तिथे तर काहीच नाही. काय वाचलंत?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"लहानपणापासून पाठ आहे," त्या हसल्या.

काकांनी तो शब्द त्यांच्याकडून चारदा म्हणवून घेतला, चिठ्ठीवर देवनागरीत लिहिला आणि पुस्तकाच्या पेटीत ठेवला.

"ही कुठली लिपी?" आमच्या इंग्रज साहेबबाईंनी विचारलं.

"त्या जसं म्हणाल्या, तसंच जिच्यात लिहिता येतं ती," काका म्हणाले.