आधी शेजाऱ्याचं नाव

शेजारच्या गाडीवानाचं नाव सांगितल्याशिवाय चाचा कुणालाही विस्तव देत नसत. अकोल्याला मोर्णेच्या काठी कापसाच्या गाड्यांचा तळ होता, तिथे चाचा आगटी राखत. दिवस कलला की गाडीवान खापर घेऊन त्यांच्यापाशी येई. चाचा चिमट्याने निखारा उचलत, तो हवेतच धरत आणि विचारत, "शेजारी कोन हाय तुया?"

"हाय कोनी तरी."

असं म्हटलं की निखारा परत आगटीत. "जा, नाव इचारून ये. मंग इस्तव."

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस अडला म्हणून विलायतेला आमचा हवा होता. ज्या काळ्या मातीला आम्ही चिखल म्हणत होतो, तिच्यावर एकाएकी जगाची नजर पडली. तेल्हाऱ्याकडून, अमरावतीकडून, थेट शेंदूरजनाघाटाकडून गाड्या येत. पैनगंगा ओलांडून मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातूनही येत. मी तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातला. वडिलांच्या गाडीबरोबर आलो आणि एका अडत्याकडे नोकरीला राहिलो. दुकानाचा माल सांभाळायला माझा मुक्काम तळावरच असे. चाचांविषयी या गावात जे बोललं जातं ते खोटं आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. आता माझ्या वयाचं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

कापसाजवळ चूल नको म्हणून अडत्यांनी तळाच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एकच आगटी ठेवली होती. भाकरी करायची ती तिच्या बाजूच्या चुलाण्यांवर. गाडीपाशी ठिणगी न्यायची नाही. एवढाच अडत्यांचा हुकूम होता. नावाची अट चाचांनी स्वतःच्या मनाने जोडली होती. लोक कुरकुरत, पण ऐकत. पाणी ज्याचं त्याचं वेगळं, भांडं वेगळं, पंगत वेगळी. विस्तव मात्र सगळ्यांना एकाच आगटीतला चाले. चाचा म्हणत, "पान्याले जात हाय बाप्पा, इस्तवाले नाई."

एकदा एक पाटील आले. त्यांच्या शेजारची गाडी हलक्या जातीच्या माणसाची होती, त्याचं नाव विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "मी काहून इचारू त्याले? त्यानं मले इचारावं!" म्हणून ते फुटाणे खाऊन निजले. दुसऱ्या दिवशी भूक पाटिलकीपेक्षा मोठी झाली. खापर पुढे करून म्हणाले, "मानसाचं नाव नाई मालूम. पन त्याच्या बैलाचं मालूम हाय. सर्जा."

चाचांनी चिमटा खाली ठेवला. "बैलाले इचारलं, अन् धन्याले नाई?" मग एक निखारा दगडावर फोडला आणि अर्धा पाटलांच्या खापरात टाकला. "घ्या. अर्धी वळख, अर्धा इस्तव." सगळा तळ हसला. पाटीलही हसले. उरलेल्या अर्ध्यासाठी ते नाव घेऊन आले आणि पुढे चार मुक्काम त्या दोघांच्या गाड्या शेजारीच लागल्या.

ही अट कशासाठी, ते चाचांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते बैल हाकत. एका पडावावर शेजारचा परका गाडीवान पहाटे मेलेला सापडला. त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. "पुरावं का जाळावं, तेई समजेना. आमी पुरलं. हिंदू असंल तं त्याच्या घरचे अजून कावळ्याले घास ठेवत नसतील. वाट पाहून रायले असतील." निखारे सारत म्हणाले, "मी त्याच्यापासून दोन हात दूर झोपलो होतो रे."

चाचा स्वतः मोगलाईतले. खरं तर आमचा वऱ्हाडही आधी मोगलाईच. पुढे इथला कारभार इंग्रजांकडे आला आणि पैनगंगा ही दोन राज्यांची हद्द झाली. "नदी तं तितंच हाय," चाचा म्हणत. "पयले पोहून मामाच्या गावाले जात होतो. आता त्याच पान्यातून परदेशी होऊन निंगतो."

ते ऐकून एका संध्याकाळी मला चेष्टा सुचली. मी त्यांच्या जवळ बसलो होतो. म्हणालो, "चाचा, आज माया शेजारी तुमीच हा. नाव सांगा, नाईतर इस्तव कसा भेटंन?"

ते हसले नाहीत. आगटीवरची राख चिमट्याने सारखी करत राहिले. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. "इतक्या सालांत कोनी इचारलं नोतं," म्हणाले, आणि न मागता माझ्या खापरात निखारे टाकले.

पुढच्या हंगामात गर्दी वाढली, भाव चढला आणि माणसांची नजर बदलली. तळावरून एक बैलजोडी चोरीला गेली. कोणी नेली ते कळलं नाही, पण बाजारात एकच बोलणं सुरू झालं. मोगलाईवाले चोरतात आणि पैनगंगा उतरून पळतात, पलीकडे आपल्या शिपायांचं काही चालत नाही. मोगलाईच्या गाड्या मोर्णेच्या पलीकडच्या काठाला लावायचं ठरलं. पैनगंगेपलीकडून आलेला जो कोणी तळावर राहत असेल, त्याचं नावगाव इथल्या एका माणसाने सांगायचं आणि त्याला जामीन राहायचं. नाहीतर त्याने निघून जायचं.

फौजदार आला, अडते जमले. चाचांना मधोमध उभं केलं. सकाळीच माझ्या मालकांनी मला बजावलं होतं, "त्या मानसासाठी तोंड उघडशील, तर उद्या दुकानात येऊ नको." घरी वडील अंथरुणाला खिळले होते आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. तेव्हा मात्र ती मला पुरेशी सबब वाटली होती.

"याचं नाव कोण सांगतो?" फौजदाराने विचारलं.

ज्यांनी रोज त्यांच्याकडून विस्तव नेला ते सगळे तिथेच होते. सगळ्यांना ते फक्त चाचा म्हणूनच माहीत होते. कोणीतरी माझ्याकडे बोट केलं, "हा बसते त्याच्यापाशी." फौजदार माझ्याकडे वळला. "तुला ठाऊक आहे?"

मी मान हलवली. नाही.

चाचा माझ्याकडे पाहत होते. क्षणभर मला वाटलं, आता ते म्हणतील, हा खोटं बोलतो. ते फौजदाराला म्हणाले, "पोट्टं हाय, हुजूर. इस्तव नेते अन् जाते. त्याले काय मालूम?"

निघताना त्यांनी आगटीतले निखारे राखेखाली नीट झाकून ठेवले, सकाळी पेटवायला सापडावेत म्हणून. चिमटा दगडावर ठेवला. घोंगडी खांद्यावर टाकली आणि मोर्णा उतरून दक्षिणेला चालू लागले. मी कापसाने ठासून भरलेल्या बोंद्र्यांआड उभा होतो. आगटी पुढे कोणी राखली नाही. ज्याने त्याने गाडीजवळच चूल मांडली, आणि अडत्यांना भावाच्या गडबडीत तिकडे बघायला सवड नव्हती.

चाचा जाऊन आठवडा उलटला असेल. संध्याकाळची वेळ, वारा सुटलेला. माझ्या शेजारची गाडी शेंदूरजनाघाटाकडच्या माणसाची होती. तो पाठमोरा, बैलांना पाणी पाजत होता. कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडून त्याच्या कापसावर पडलेली मी पाहिली आणि ओरडलो, "अरे ओ, गाडीवाले! ओ गाडीवाले!" तिथे सगळेच गाडीवाले. दहा जणांनी माना वळवल्या. त्याने नाही वळवली. मी धावलो, पण मधे बैल होते, जोखडं होती, माणसं होती. तो वळला तेव्हा कापूस भडकला होता.

त्याने बैल सोडवले, पण हात भाजून घेतले. पुढच्या कितीतरी गाड्या जळून गेल्या. त्याच्या हातांना कोरफडीचा गर लावताना मी विचारलं, "दादा, नाव काय तुमचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता काहून इचारता, बाप्पा?" म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं की आग मोगलाईवाल्या चाचाने लावली. काढून दिल्याचा राग धरला, लपून आला आणि पेटवून गेला. पुढे तीच गोष्ट पक्की झाली. आज माझा नातूही तीच सांगतो. परवा बाजारातून आला आणि म्हणाला, "आबा, नदीपलीकडच्यांचा भरवसाच नाई. ते आगीचं नाई का?" मी तेव्हाही गप्प बसलो. नंतर अन्न गोड लागेना.

म्हणून हे लिहिलं. आग आमच्यातल्याच एकाच्या चुलीतून उडाली, ती मी डोळ्यांनी पाहिली. त्या वेळी चाचा अकोल्यात नव्हते. ते असते तर चुली गाडीजवळ पेटल्या नसत्या, आणि मला हाक मारायला एक नाव ठाऊक असतं.

शेंदूरजनाघाटाकडच्या त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. ते आता कळणारही नाही. चाचांचं मात्र माहीत आहे, त्या दिवशीही होतं. फौजदार नाही, अडते नाहीत, विचारणारं कोणी राहिलं नाही, तरी सांगतो. शेख मदार, बापाचं नाव शेख इमाम, राहणार पैनगंगेच्या पलीकडे, हदगावाकडचे. मी त्यांचा शेजारी होतो.