बोटानं पाहणं

त्या शनिवारी सरांनी मला ‘उचल’ म्हटलं आणि मी उचललं नाही. त्याआधीचे अकरा शनिवार मी उचललं होतं.

जिल्ह्याच्या गावी मी फिटरचं काम शिकत होतो. महाराष्ट्र नवा होता आणि प्रशिक्षण शाळाही नवीच उघडली होती. पहिल्या सहा महिन्यांचं काम एकच. लोखंडाचा तुकडा घ्यायचा, कानशीनं घासायचा, चारी कोन काटकोनात आणायचे. कोन तपासायला गुण्या असतो. गुण्या तुकड्याला लावून खिडकीकडं धरायचा. मधून उजेड दिसला, तर कोन चुकला.

दर शनिवारी आठवड्याचा तुकडा सरांच्या टेबलावर न्यायचा. सर प्रत्येकाचा तुकडा हातात घेत, गुण्या लावत, उजेडाला धरत, चाळीसपैकी गुण लिहीत. माझी पाळी आली की टेबलाच्या कडेला वर्तमानपत्राचा चतकोर पसरत.

“ठेव तिथं.”

मी ठेवायचो. ते मान न वळवता पाहायचे.

“पाह्यलं. चौदा. उचल.”

रजिस्टरात माझ्या नावापुढं जात लिहिली होती. सरांनी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. वर्गात गुण्ये चार होते. त्यातला एकही माझ्या बाकावर आला नाही. मी वहीचा कागद दुमडायचो. दुमडीवर दुमड बसवून पुन्हा दुमडला की काटकोन होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या कागदावर मी कोन तपासायचो.

शेजारच्या बाकावरचा मुलगा मोठ्या शेतीवाल्यांचा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “ज्याले गुण्या नाई त्याले गुण कायचे बे?”

वर्ग हसायचा. एकदा मीही हसलो. ते हसणं मला अजून बोचतं.

पास व्हायला चोवीस लागत. सहामाहीला सरासरी कमी आली की नाव कटायचं. नाव कटलं की परत गाव, नाल्यापलीकडची वस्ती आणि सांगतील ते काम. एवढंच होतं माझ्यापुढं.

माझी ताई त्याच गावात दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेत होती. रविवारी आम्ही दवाखान्याच्या मागच्या निंबाखाली भेटायचो. अकराव्या शनिवारनंतरच्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. सांगताना मान खाली होती.

ती म्हणाली, “काऊन रे, तो सर पाह्यलं म्हंतो न?”

“हाव.”

“आपन नाडी पाह्यतो म्हंतो. डोळ्यानं पाह्यतो काय? बोटानं पाह्यतो. ज्याले हात लावाचा नाई त्यानं पाह्यलं म्हनू नये.”

मग तिनं आपलं सांगितलं. एका बाईनं तिला पाहून हात पदराखाली घेतला होता. नाडी लिहिल्याशिवाय ताईला उठता येत नव्हतं. “मी हात पुढं करून बसून राह्यली. तिनं हात देईपर्यंत. माह्या हाताले मुंग्या आल्या, पन मी काढला नाई.”

पुढच्या शनिवारी सरांनी कागद पसरला. मी तुकडा कागदावर ठेवला नाही. त्यांच्या रजिस्टरावर ठेवला.

“पाह्यलं. चौदा. उचल.”

मी उचलला नाही.

“उचल म्हनलं न!”

“मोजा, सर.”

कानशी थांबल्या.

“पाह्यलं म्या.”

“नाडीबी पाह्यतात म्हनतात, सर. बोटानं पाह्यतात.”



सर शेजारच्या बाकावरच्याला म्हणाले, “पक्कड दे रे.”

त्यानं पक्कड दिली. तो हसला नाही. सरांनी माझा तुकडा पकडीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, हात लांब करून. पण गुण्या लावायचा तर लोखंडाला लोखंड लागणारच होतं. त्यांनी लावला. खिडकीकडं धरला. उजेड दिसला नाही. दुसरा कोन. तिसरा. चौथा.

“कोनाकडून करून आनला?”

“तुमच्यासमोर घासला, सर.”

त्यांनी एकतीस लिहिलं. मग म्हणाले, “आठ दिवस वर्गात यायचं नाई. लय बोलतं तू.”

आठ दिवस मी व्हरांड्यात उभा होतो. आतून कानशींचा आवाज येत होता. नवव्या दिवशी आत गेलो आणि जुने अकरा तुकडे टेबलावर ओळीनं मांडले. सगळे जपून ठेवले होते.

“हे बी मोजा, सर.”

ते उठून जातील असं वाटलं. दार उघडंच होतं. पण पूर्ण वर्ग बघत होता. त्यांनी पक्कड घेतली. चौथ्या तुकड्याला त्यांचं मनगट दुखलं असावं. पक्कड खाली ठेवली आणि पाचवा तुकडा बोटांनी उचलला. मग सहावा. अकराही मोजून झाले. दोन खरोखरच चुकले होते. त्यांचे कमी गुण मी घेतले. माझं नाव कटलं नाही.

मग सर नळावर गेले आणि साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत. मी ते शेवटपर्यंत पाहिलं. मान खाली घातली नाही.

गेल्या महिन्यात ताई गेली. वरवट बकाल गावात तिच्या खाटेशी मी होतो. तिचं मनगट धरून मी नाडी पाहिली. तिनंच शिकवलं होतं, तीन बोटं कुठं ठेवायची ते. बराच वेळ बोटं ठेवली. नव्हती.

मी आता मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. हाताखाली शिकायला येतात त्यांचं काम मी हातात घेऊन मोजतो. कुणी माझं काम लांबून पाहिलं, तर मी ते त्याच्या पुढ्यातून उचलत नाही.

तो बारावा तुकडा माझ्याजवळ आहे. त्यावर पकडीच्या दातांचे वण आहेत. कानशीचे दहा हात मारले की जातील. मी मारणार नाही.