वर्खावरची तार

पाटोद्यात मकसूदभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि समोर माझं चहाचं हॉटेल. तांब्याच्या तारेचं टोक पॉलिशपेपरनं घासल्याशिवाय जोडायचं नाही, हा त्या दुकानाचा कायदा; तारेवरचं वार्निश निघालं नाही तर वीज पुढं जात नाही. त्यांची पोरगी अदिबा चालायच्या आधी घासायला शिकली म्हणा ना!

पुण्यात संशोधनाला गेली आणि त्याच सवयीनं घात केला. तिथं काचेवर चढवलेले धातूचे थर असतात, केसाहून हजारो पटींनी पातळ, आतून सगळा विस्कटलेला कारभार. भयंकर थंड केले की त्यांतून वीज बिनअडथळा वाहते. चुंबक लावल्यावर या वाहण्याचं काय होतं, हे तिला बघायचं होतं. तार जोडताना हात आपसूक गेला, थराचंच टोक घासलं. थर खलास.

"मीच घासला," तिनं सरांना सांगून टाकलं. सर म्हणाले, एकच थर उरलाय. तो गेला तर विषय सोडा.

ही घरी आली, मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख आणला, काचेवर अंथरला आणि त्यावर बारीक तार चिकटवत बसली. वर्ख फाटायचा. ही दुसरा अंथरायची. मला बघवेना.

"कावून जीव जाळतीस गं? हितंच मास्तरीण हो की!"

"काका, थर माझ्या हातानं गेला. आता हातच सुधरवते."

सुट्टी संपत आली तेव्हा राधाकिशन पाटलाची मोटार तिनं जोडून दिली. दुसऱ्या दिवशी पाटील बोंबलत आला, "मोटार फिरंना!" मकसूदभाईंनी उघडून बघितली. टोकं घासलीच नव्हती! या दुकानातून असा माल कधी गेला नव्हता. मला वाटलं, आता पोरीची धडगत नाही.

"जमलं बेटा!" मकसूदभाई ओरडले. पाटलाच्या मोटारीची टोकं स्वतः घासून दिली आणि वर चहा पाजला. पाटील मात्र आ वासून बसला.

पुढच्या महिन्यात मकसूदभाई माझ्याकडंच बसले होते, तेव्हा तिचा फोन आला. शेवटचा थर धड जोडला गेला होता. थंडीत वीज मोकळी वाहिली; चुंबक वाढवला तशी अडत गेली, आणि मग थंडी वाढेल तशी जास्तच अडली. शेवटी तो थर नुसत्या काचेसारखा झाला, वीज जाईचना. हेच तिला हवं होतं.

मकसूदभाईंनी एवढंच विचारलं, "घासलं न्हाई ना?"

"न्हाई, अब्बा."

जन्मभर न घासणाऱ्यांना शिव्या घालणारा तो माणूस माझ्या बाकावर ढसाढसा रडला.