परतलेला घास

इथिओपियातून आल्यापासून अस्कलेने कोलंबस शहरातल्या हॉटेलांत अमेरिकेची उष्टी ताटं धुतली होती. त्यातल्या एकाही ताटासमोर जेवायला बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ती आली बेमनेटमुळे. तिच्या या एकुलत्या मुलाचं कोरिन नावाच्या गोऱ्या मुलीशी लग्न ठरलं होतं आणि कोरिनच्या आईने, मार्जरीने, मायलेकांना हॉटेलात जेवायला बोलावलं होतं.

निघण्याआधी बेमनेटने आईची उजळणी घेतली. “एमाये, रुमाल मांडीवर. टाळी वाजवून वेटरला बोलवायचं नाही, हे अदिस अबाबा नाही. आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही.”

“म्हणजे एका टेबलावर बसून चौघांनी चार घरांत जेवायचं?”

“तसंच समज. आज नीट पार पडलं तर लग्नाच्या जेवणात तू आमच्याच टेबलावर. नाहीतर तुझ्या बाजूने मला काही बोलता येणार नाही.”

“तुला जन्म दिला तेव्हा असली परीक्षा नव्हती हो,” ती हसली. तो हसला नाही.

हॉटेलात तिने सगळं नीट केलं. फरसबीची एकेक शेंग काट्याने टिपली. मांस अळणी होतं, तरी वेटरने विचारल्यावर ‘छान’ म्हणाली. बेमनेटचे खांदे हळूहळू सैल झाले.

मग मार्जरी नवऱ्याबद्दल बोलायला लागली. “हीच आमची जागा. तो गेल्यापासून मी एकटीच जेवते, टीव्हीसमोर.” तिचे डोळे भरून आले.

अस्कलेच्या मुलखात अशा बाईची समजूत शब्दांनी घालत नाहीत. तिने पावाचा तुकडा तोडला, त्यात मांस गुंडाळलं आणि घास मार्जरीच्या ओठांपाशी नेला. “घे गं बाई.”

खुर्ची करकरत मागे सरकली. “नको, नको! मी जेवते ना माझी,” मार्जरी रुमालाआडून हसली. कोरिनने मान खाली घातली. बेमनेटने आईचं मनगट धरून टेबलाखाली नेलं. “माफ करा हं. तिला बाहेरची सवय नाही.” तेवढं इंग्रजी अस्कलेला कळत होतं.

याच हातचा पहिला घास घेतल्याशिवाय तो शाळेला जात नसे. परत आलेला घास कुठे ठेवायचा, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने तो मुठीत मिटला.

गाडीत बसल्यावर बेमनेट म्हणाला, “लग्नाला तू चर्चमध्ये ये. जेवणाला थांबू नकोस. फार वेळ बसावं लागतं, तुझे गुडघे दुखतात.”

“गुडघे?”

“हो.” त्याने ओला कागदी रुमाल पुढे केला. “मूठ उघड. हात पूस, वास येतोय.”

तिने मूठ उघडली. चेपलेला घास खिडकीबाहेर टाकला. एकेक बोट सावकाश पुसलं. मग तोच हात त्याच्या तोंडापाशी नेला.

“बघ, गेला का वास?”

बेमनेटने मान वळवली आणि गाडी सुरू केली.