दोष तिच्या पायात नव्हता

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी धाड गावच्या बाजारात पत्रकं वाटत होते. फोन शीला सिस्टरचा होता. फिरत्या दवाखान्याच्या गाडीत त्या रोज आत्याच्या शेजारी बसायच्या. "प्रज्ञा, राजूर घाटात गाडी मागं आली... ताई आतच होती," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी बुलडाण्याला पोचले, तर दवाखान्याच्या आवारात माझ्याआधी एक वाक्य पोचलेलं होतं. लंगड्या बाईच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय होणार? बोलणारा आत्याला ओळखतही नव्हता. पण त्याच्या बोलण्यावर चार माणसांनी माना हलवल्या. त्या हललेल्या माना काही आठवडे झाले तरी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

वंदना आत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. बाबा चळवळीची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि आत्या ती आम्हा पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायची. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. वाचता वाचता ती मध्येच थांबून बाबांना छेडायची. "दादा, समान संधी, समान संधी लिवून राह्यला तू. पण म्हंजे काय? बसमदी मले कोणी जागा देली तं ते समान संधी हाये का? ते तं दया झाली." बाबा हसून म्हणायचे, "मंग तुले काय पायजे?" आत्या म्हणायची, "मले बस चालवाची हाये." सगळे हसायचे. ती हसायची नाही.

बस मिळाली नाही, पिकअप मिळाली. ज्या संस्थेत ती कार्यालयीन मदतनीस होती, त्या संस्थेला रस्त्याचं काम करून परत निघालेल्या एका कंपनीनं जुनी पिकअप देणगी म्हणून दिली होती. मागे टप बसवून तिचा फिरता दवाखाना करायचं ठरलं, पण गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप पडणार. संस्थेच्या दोन ड्रायव्हरांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि ब्रेकवर पडायचा. गाडी धाडकन थांबायची, औषधांची खोकी सिस्टरच्या अंगावर. दोघांनी गाडीपुढे हात जोडले. तेव्हा आत्या सचिवांच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, या गाडीले डावा पाय लागत नाई अन् मले डावा पाय नाई. आमचं दोघीचं जमते." रीतसर शिकली, लायसन्स काढलं आणि पुढची काही वर्षं धामणगाव बढेपासून हिवरा आश्रमापर्यंत ती गाडी तिनं पळवली. संस्थेनं तिचे फोटो छापले, पाहुण्यांपुढे तिला उभं केलं. कौतुक करायला काही लागत नाही... दुरुस्ती करायला लागतं.

गेल्या वर्षी गाडी बिघडायला लागली. सकाळी ठीक चालायची. दुपारी घाट चढताना मात्र इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. गिअर बदलताना पाठीत बुक्की बसावी तसा हिसका द्यायची. आत्याला आधी डिझेलचा संशय आला. तिनं पंपावर जाऊन असं भांडण केलं की पंपवाला म्हणाला, "बाई, तुमी म्हणान तं मी पिऊन दाखवतो." दोष डिझेलचा नव्हता, हे पुढे तिलाच कळलं. मग पुढचे कित्येक दिवस पंपावर गेली की तीच त्याला विचारायची, "काऊन बे, आज पेला का?"

दोष कळला तो एका पाटीमुळे. संस्थेच्या आवारात गाडी जिथे उभी राहायची तिथे जमिनीवर लाल डाग पडायला लागले. खर्रा खाऊन कोणीतरी थुंकतंय, असं सचिवांनी ठरवलं. पहारेकऱ्याला झापलं आणि भिंतीवर रंगवून घेतलं, 'येथे थुंकू नये'. पहारेकरी आयुष्यात खर्रा न खाल्लेला माणूस. तो आत्याकडे कुरकुरला. आत्या गाडीला धरून खाली बसली, डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "थुंकी नाई, तेल हाये हे. गिअरबॉक्सचं तेल लालच रायते. अन् जळका वास मारून राह्यलं." तेल गळत होतं. उरलेलं तापलं की पातळ व्हायचं, गिअर धरायला लागणारा दाब मिळायचा नाही आणि चढावर गाडी घसरायची. इतकी साधी गोष्ट.

सचिवांनी गॅरेजचा फोरमन बोलावला. त्या दिवशी मी तिथे होते. त्यानं गाडी बंद ठेवून गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि सांगितलं, "फुल हाये, बाई."

"बंद गाडीवर फुलच दाखवते," आत्या म्हणाली. "बाकीच्या गाड्याचं तसं पाह्यतेत. हिचं तेल इंजिन गरम करून, चालू ठेवून पाहा लागते. गाडीच्या पुस्तकात लिवलं हाये."

"मी वीस वर्सापासून गाड्या पाहून राह्यलो."

"मंग एकविसाव्या वर्सी पुस्तक बी पाह्य ना भाऊ!"

फोरमननं सकाळच्या गारव्यात रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली आणि एकदम मस्त आहे म्हणाला. आत्या म्हणाली, "सपाटीवर मी बी मस्त चालतो. दुपारी औषधं भरून घाटात ने." कोणी नेली नाही. सचिव चष्मा पुसत तिला म्हणाले, "वंदनाबाई, राग मानू नका. पण तुमच्या पायाचा तर काही त्रास नाही ना? तसं असेल तर सांगा, कार्यालयात टेबल देतो." आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पहिल्यांदा पाहिला. बाहेर आल्यावर तिला मी म्हणाले, गाडी काढूच नकोस. ती म्हणाली, "पाह्य वं, मी नाई म्हणलं की गाडी बसली. गाडी बसली की शिबिरं बसली, अन् मंग हेच म्हणतीन, बाईच्यानं झालं नाई." तिच्यापुढे हे दोनच रस्ते ठेवले गेले होते. बिघडलेली गाडी चालव, नाहीतर तुझ्याच शरीरात बिघाड आहे असं लिहून दे.

त्याच सुमारास गाडीमागे दगड आला. आवाराला उतार आहे. या गाडीची दांडी 'पी' वर टाकली की आत एक खिट्टी अडकते आणि चाकं जागेवर राहतात. ती खिट्टीही आता नीट अडकत नव्हती. म्हणून मागच्या चाकाला दगड लावायचा. मी सोबत निघाले की तो काढायचं काम माझं. आत्या आतून ओरडायची, "दगड काढला का वं, का त्यालेच घेऊन जायाचं हाये शिबिराले?" मी तो पायानं ढकलायचे आणि पळत येऊन बसायचे. दगड कोणाच्या सांगण्यावरून आला, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

घाटात काय झालं ते शीला सिस्टरनं मला सांगितलं. धामणगाव बढेचं शिबिर करून येत होते. वळणावर इंजिन ओरडलं आणि गाडीचा जोर गेला. आत्यानं ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला, दांडी 'पी' वर टाकली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमी सगळे उतरा. मोठा दगड पाहा. मी पाय उचलत नाई." ते उतरले. दगड आणायला धावले. तेवढ्यात तापलेलं इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो, कितीही दाबा, पुरत नाही. एकट्या हातब्रेकला भरलेली गाडी पेलली नाही, ती मागे निघाली. एका बाजूला दरी होती. आत्यानं स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गाडी डोंगराला जाऊन आदळली...

संस्थेच्या शोकसभेत तिच्या फोटोला मोठा हार होता. सचिव गहिवरून बोलले. "धाडसी बाई. पण शेवटी शरीराच्या मर्यादा असतात. गाडी गिअरमध्ये टाकून उतरल्या असत्या, तर आज आपल्यात असत्या." मी उठून उभी राहिले. म्हणाले, साहेब, त्या उतरल्याच नव्हत्या, इतरांना उतरवून ब्रेकवर पाय ठेवून बसल्या होत्या. आणि त्या गाडीला उभं राहायला असतो तो 'पी', तो टाकलेला होता. तुमच्या संस्थेची गाडी कशी थांबते हेही तुम्हाला माहीत नाही? कोणीतरी माझा हात ओढला, ही वेळ नाही म्हणालं. मग शीला सिस्टर उठल्या. त्यांची नोकरी त्याच संस्थेत आहे. "दांडी पी वर होती. मी पाहिलं." इतकंच बोलल्या आणि बसल्या. सचिवांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं. किती सोयीची शांतता!

मी बाहेर आवारात आले. गाडीची जागा रिकामी होती. जमिनीवर लाल डाग, वर 'येथे थुंकू नये' आणि उताराच्या बाजूला तो दगड. पहारेकरी माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"हा दगड आत्यानं आणला होता ना, काका?" मी विचारलं.

"नाई वं. मी आणला. साहेबानं सांगतलं."

"कोणत्या साहेबांनी?"

त्यानं सभागृहाकडे मान वळवली. "पोळ्याच्या आगंमागं गाडी घसरून त्यायच्या कारले टेकली होती. दांडी पी वरच होती, त्यायनं सोता वाकून पाहिली. मंग म्हणे, हे काई थांबत नाई, रोज दगड लावत जा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिव तू. नाव मातर लिवू नको माहं."

नाव लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलं आहे. गाडी थांबत नाही, हे सचिवांना ठाऊक होतं. त्यांच्या कारसाठी आवारात दगड लागला, आणि माझ्या आत्याला त्यांनी त्याच गाडीतून घाटात पाठवलं. वर दोष तिच्या पायाला दिला. ज्या सभागृहात ते बोलले त्याच सभागृहात, त्याच माइकवरून, दोष गाडीचा होता हे त्यांनी म्हणावं. दुसरा हार नको आहे आम्हाला.

त्या दिवशी निघताना माझा पाय सवयीनं दगडाकडे गेला. आतून ओरडणारं कोणी नव्हतं. पाय मागे घेतला. आत्या, या वेळी दगड मी काढला नाही.