बापना बैल

पुण्याला लॉ कॉलेजात गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून आमच्या अहिराणीतलं ‘भूक लागनी’ निघालं आणि वसतिगृहातली पोरं आठवडाभर खिदळली. मग मीही इरेला पेटलो. सनद घेऊन जळगावात पाटी लावली तोवर माझं मराठी इतकं सोवळं झालं होतं की आमची आईसुद्धा मला बिचकून ‘अहो’ म्हणायची.

पहिलाच दावा एरंडोलकडच्या एका आबांचा. त्यांचे वडील वारले आणि शेजाऱ्यानं गोठ्यातला बैल सोडून नेला. म्हणे, माझाच होता, म्हाताऱ्याला नुसता वापरायला दिला होता! पेरणी तोंडावर आणि आबांच्या दावणीला एकच बैल. निकाल विरुद्ध गेला असता तर औताला दुसऱ्या बाजूनं आबाच जुंपले गेले असते.

न्यायाधीश नुकतेच रत्नागिरीहून बदलून आलेले. त्यांनी विचारलं, “बैल कोणाचा?”

आबा हात जोडून म्हणाले, “मन्हा बापना शे.”

“‘बाप ना’? म्हणजे बापाचा नाही!” साहेबांनी टाक बुडवला.

मी ताडकन उठलो. “महाराज, अहिराणीत ‘बापना’ म्हणजे बापाचा!”

“तुम्ही वादीचे वकील. तुमचा अर्थ मी कसा घेऊ? प्रतिपक्षाला मान्य आहे?”

प्रतिपक्षाचे वकील अहिराणी मुलखातल्या धरणगावात जन्मले, वाढले. गृहस्थ उपरण्याची घडी नीट करत म्हणाले, “छे! मला ती बोली येत नाही.”

अस्सा संताप आला म्हणून सांगू! आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय चुकलो हेच त्यांना कळेना. मग माझं सोवळं गेलं खड्ड्यात. मी बोट दाखवून ओरडलो, “वकीलसाहेबना जोडामा इच्चू शे!”

“माय वं! कथा शे? कथा शे?” करत गृहस्थ बाकावर! एक जोडा शिरस्तेदाराच्या टेबलावर जाऊन पडला.

“हा काय तमाशा?” साहेब गरजले.

“महाराज, वकीलसाहेबांच्या जोड्यात विंचू आहे, एवढंच म्हणालो. ‘ना’ म्हणजे नाही असतं, तर हे ‘कुठे आहे, कुठे आहे’ करत वर कशाला चढले असते?”

साहेबांनी आधी मला सणसणीत समज दिली. मग रुमालात तोंड खुपसून बराच वेळ खोकले. मग जबानी दुरुस्त केली. बैल आबांना मिळाला.

बाहेर आबा माझ्या पाया पडायला वाकले. मी दचकून मागे सरलो. “आबा, हाई काय करी राहनात?”

आबा वाकल्या जागीच थांबले. “कोना आंडोर शे रे तू?”

मी वडिलांचं नाव आणि धुळ्याकडचं गाव सांगितलं. आबांनी कपाळावर हात मारून घेतला.

“मंग आधीच सांगानं ना भाऊ! मी जजले नही, तुलेच घाबरेल व्हतू.”